डाळ आणि भात एकाच ताटात हवेत का?

कोकणातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नावरून हा लेख सुचला. त्यांच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीने मासे आणि मटण सोडले. घर रोज मासळी खाणारे. कारण विचारले तर "मला नको वाटतं" एवढेच ती सांगते. आजीचा जीव खालीवर. वाढत्या वयात मासळी सोडली तर अंगात ताकद येणार कुठून? मुलगी बाईंकडे आली. बाईंनी आपण स्वतः शिकताना जे शिकलो होतो ते सांगितले: प्राण्यांपासून मिळणारी प्रथिने प्रथम दर्जाची, वनस्पतींपासून मिळणारी दुय्यम दर्जाची; मात्र डाळ आणि भात एकाच वेळी खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि प्रथिन पूर्ण होते. 'एकाच वेळी' यावर त्यांनी जोर दिला.

पंधरा दिवसांनी मुलीची आई शाळेत आली. मुलगी डबा अर्धा परत आणते, ही तक्रार. डब्यात पोळी-भाजी असते, डाळ नसते. मग त्या पोळीतले प्रथिन अपुरे, म्हणजे वाया जाणार, तर ती खाऊन उपयोग काय, असा हिशेब मुलीने केला होता. बाईंनी दिलेल्या माहितीवरून पाहिले तर हिशेब चूक नव्हता. "मी चुकीचं शिकवलं का?" असे बाई विचारतात.

बाईंनी शिकवलेल्या गोष्टीतला एक भाग बरोबर आहे आणि एक भाग चुकीचा आहे. हा चुकीचा भाग जगभर पसरवण्यात एका पुस्तकाचा मोठा वाटा आहे, आणि त्याच पुस्तकाच्या लेखिकेने दहा वर्षांनी तो जाहीरपणे मागेही घेतला आहे. चूक पसरली तितकी दुरुस्ती पसरली नाही. म्हणून या पुस्तकाची दोन्ही रूपे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

पुस्तकाचे नाव 'डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट', लेखिका फ्रान्सिस मूर लापे, पहिली आवृत्ती १९७१. लापेबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्या आहारतज्ज्ञ नव्हत्या. जगात भूक का आहे, या प्रश्नाने त्यांना घेरले होते आणि उत्तर शोधण्यासाठी त्या कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या ग्रंथालयात शेती आणि अन्नाविषयीचे अहवाल वाचत बसत. जे सापडले त्याचे त्यांनी आधी एका पानाचे पत्रक केले, मग पुस्तिका, मग पुस्तक. पुस्तकाच्या पुढे लाखो प्रती खपल्या. अमेरिकेत त्या वर्षांत मांस सोडू पाहणारी जी तरुण मुले होती, त्यांच्या हातात हे पुस्तक हमखास असे.

त्या मुलांच्या घरचे चित्र डोळ्यांसमोर आणले तर पुस्तकाचे यश समजते. जेवण म्हणजे मधोमध मांसाचा तुकडा आणि कडेला बाकीचे, अशी तिथली पद्धत. त्यातला मधला तुकडा काढून टाकला की आईवडिलांना ताट रिकामे दिसणार. "मग प्रथिने कुठून मिळणार?" हा प्रश्न तिथे प्रत्येक घरात उठत होता. आपल्या कोकणातल्या आजींचा प्रश्नही तोच आहे. फरक इतकाच की आजींच्या स्वयंपाकघरात तूरडाळीचा डबा पूर्वीपासून आहे.

लापेबाईंनी या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर दिले. प्रथिने ही ॲमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांतली काही आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच मिळावी लागतात. गहू-तांदळात लायसीन हे आम्ल कमी, तर डाळी-कडधान्यांत लायसीन भरपूर पण मिथिओनीन कमी. दोन्ही एकत्र खाल्ली की मिश्रण अंड्यातल्या प्रथिनांच्या जवळ जाते. त्यांनी एकेका पदार्थाचे तक्ते दिले, कोणता पदार्थ कोणाला पूरक ते दाखवले आणि पाककृतींखाली एका वाढणीतून किती 'उपयोगी' प्रथिन मिळेल तेही लिहिले. सामान्य वाचकाला स्वयंपाकघरात रसायनशास्त्र वापरायला शिकवणारे असे पुस्तक त्याआधी क्वचितच झाले असेल, आणि ही त्याची थोरवी मान्य केलीच पाहिजे. मांसावाचून प्रथिने मिळत नाहीत या समजुतीला त्याने धक्का दिला.

पण तसे करताना पुस्तकाने एक नवी भीती निर्माण केली. पूरक पदार्थ एकाच जेवणात, ठराविक प्रमाणात आले नाहीत तर प्रथिन वाया जाते, ही ती भीती. मांस सोडणे शक्य आहे, पण त्यासाठी तक्ता समोर ठेवून जेवायला बसावे लागेल, असा पुस्तकाचा सूर होता.

ही भीती लापेबाईंच्या मनातली नव्हती. त्या काळच्या विज्ञानातूनच ती आली होती, आणि विज्ञानात ती कुठून आली हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

१९१४ साली अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल या दोघांनी पांढऱ्या उंदरांवर प्रयोग केले. मक्यातले झेइन नावाचे प्रथिन एवढेच ज्यांना दिले ते उंदीर खंगत गेले. झेइनमध्ये लायसीन आणि ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसतातच. आहारात ट्रिप्टोफॅन घातल्यावर उंदरांचे वजन टिकले, पण वाढ होईना. लायसीनही घातल्यावर ते वाढू लागले. प्रयोग इतका स्वच्छ की फळ्यावर तीन आलेख काढून दाखवावा. सगळी प्रथिने सारखी नसतात हे त्यातून निःसंशय सिद्ध झाले. पुढे विल्यम रोझ यांनी इलिनॉय विद्यापीठात हीच गोष्ट माणसांवर तपासली. त्यांचे विद्यार्थी स्टार्च, साखर, लोणी आणि शुद्ध ॲमिनो आम्ले यांच्यावर दिवसचे दिवस राहत. एखादे आवश्यक आम्ल काढून घेतले की काही दिवसांतच शरीरात येणाऱ्या नत्रापेक्षा बाहेर जाणारे नत्र जास्त होई. मुले थकत, चिडचिडी होत, त्यांची भूक जाई. प्रौढांना आठ आम्ले आवश्यक असल्याचे रोझ यांनी ठरवले; नववे हिस्टिडीन पुढे यादीत आले.

इथपर्यंत कोणताच आक्षेप घेण्याचे कारण नाही. आता 'एकाच वेळी' या शब्दांकडे येऊ. १९४७ साली गायगर यांनी उंदरांना एक आम्ल वगळून बाकीच्या ॲमिनो आम्लांचे मिश्रण दिले आणि वगळलेले आम्ल काही तासांनी वेगळे दिले. उंदीर वाढले नाहीत. सगळी आम्ले एकदमच हजर हवीत असा निष्कर्ष निघाला आणि तो आहारशास्त्राच्या पुस्तकांत शिरला. तिथून लापेबाईंच्या तक्त्यांत, आणि बऱ्याच हातांतून जात जात आपल्या बाईंच्या फळ्यावर.

हा प्रयोग नववीतल्या मुलीच्या डब्याला लावण्यात दोन अडचणी आहेत. पहिली, उंदीर. उंदराचे पिल्लू आठवड्याच्या आत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होते. माणसाच्या बाळाला त्यासाठी साधारण पाच महिने लागतात. उंदरीच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या सात-आठ पट असतात. ज्या प्राण्याची वाढ इतकी झपाट्याने होते त्याला क्षणभराचीही उणीव भोवते. माणूस हा फार सावकाश वाढणारा प्राणी आहे. आईच्या दुधात शंभर मिलिलिटरमागे प्रथिन जेमतेम एक ग्रॅम असते, आणि त्यातून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचे असतात. तांदळात हे प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास आणि गव्हात तेराच्या आसपास आहे! तांदळाचे प्रथिन आईच्या दुधाच्या तोडीचे नाही हे खरे, पण आकडा विचार करायला लावतो.

दुसरी अडचण, अन्न. गायगर यांच्या उंदरांना सुटी ॲमिनो आम्ले मिळाली होती. ती भराभर रक्तात जातात. पोळी तशी जात नाही. ती तासन्‌तास पचत राहते, आणि शिवाय आतड्यात ती एकटी नसते. पाचकरस, विकरे, आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी हीही प्रथिनेच. शरीर ती पचवते आणि त्यांतली आम्ले पुन्हा वापरते. स्नायूंमध्ये सुट्या लायसीनचा छोटासा साठाही असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने मोडतात आणि पुन्हा बांधली जातात. अन्नातून येणारी पन्नास-साठ ग्रॅम ही त्या मोठ्या उलाढालीत पडणारी भर असते. दुपारच्या पोळीला लागणारे लायसीन सकाळच्या दुधातून आले काय किंवा रात्रीच्या वरणातून आले काय, शरीराला चालते. रोझ यांच्या विद्यार्थ्यांना त्रास झाला तो एखादे आम्ल दिवसचे दिवस मिळाले नाही म्हणून, एका जेवणात चुकले म्हणून नव्हे. त्यांच्या प्रयोगातून 'एकाच ताटात' हा नियम निघतच नाही.

लापेबाईंनी १९८१ साली पुस्तकाची दहाव्या वर्षाची आवृत्ती काढली तेव्हा प्रथिनांविषयीच्या गैरसमजुतींना एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्यातली एक गैरसमजूत आपणच पसरवली असे स्पष्ट सांगितले. आहारात पुरेसे उष्मांक असतील तर बहुतेकांना प्रथिनेही पुरेशी मिळतात, जुळवाजुळवीची धास्ती नको, असे त्यांचे नवे म्हणणे. अपवाद त्यांनी तीन सांगितले: मुख्यतः फळांवर राहणारे, रताळी, कसावा यांसारख्या कंदांवर राहणारे, आणि पाकिटबंद चटकमटक खाऊन पोट भरणारे. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेनेही १९८८ साली एकाच जेवणात जुळवणी करण्याची गरज नाही अशी भूमिका घेतली, आणि १९९४ साली यंग आणि पेलेट यांच्या लेखाने त्यामागचे शास्त्र व्यवस्थित मांडले.

लाखो प्रती खपलेल्या पुस्तकातला मध्यवर्ती मुद्दा लेखकाने त्याच पुस्तकात मागे घ्यावा हे दुर्मीळच. आपल्याकडे पाठ्यपुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत गुपचूप नाहीशी होते, किंवा होतच नाही. पहिली आवृत्ती आणि दहाव्या वर्षाची आवृत्ती यांतले प्रथिनांचे भाग कोणी शेजारी छापले तर 'विज्ञानाची पद्धत' या पाठासाठी त्याहून चांगले साहित्य मिळणार नाही.

तरीही माझे या पुस्तकाशी तीन बाबतींत पटत नाही.

एक तर त्याचा पहिला भाग, ज्यासाठी ते अधिक गाजले. गुरांना धान्य चारून मांस मिळवणे ही उधळपट्टी आहे, असे लापेबाई म्हणतात. नंतरच्या आवृत्त्यांत एक पौंड गोमांसामागे सोळा पौंड धान्य आणि सोयाबीन असा आकडा येतो. तो अमेरिकेतल्या धान्यावर पोसलेल्या गुरांचा आहे, आणि तिथेही त्यावर वाद झाले, कारण ती गुरे आयुष्याचा बराच काळ गवतावर असतात. हा आकडा आपल्याकडच्या 'शाकाहार श्रेष्ठ' छापाच्या भाषणांत जसाच्या तसा येतो तेव्हा माणदेशातली झुडपे ओरबाडून जगणारी शेळी, उकिरडा टोचणारी गावठी कोंबडी आणि समुद्रातला बोंबील यांचा कोणाला आठव नसतो. यांपैकी कोणीही माणसाच्या तोंडचे धान्य खात नाही. वर्गात बसलेल्या अनेक मुलांच्या घरी सुके बोंबील आणि अंडी हेच स्वस्तात मिळणारे उत्तम प्रथिन असते. कोणी काय खावे याच्याशी आपल्या समाजात जात कशी जोडलेली आहे हे शिक्षकांना सांगायला नको. एका मुलीला 'मासे सोडलेस तरी चालेल' असे सांगताना शेजारच्या बाकावरच्या मुलाला त्याचा डबा झाकावासा वाटता कामा नये.

दुसरा मुद्दा अमेरिकेच्या ग्रंथालयातून काय दिसते आणि काय दिसत नाही याचा. लापेबाई १९७०-७१मध्ये लिहीत होत्या तेव्हा प्रथिनांचा जागतिक तुटवडा हा परवलीचा शब्द होता. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या 'प्रथिन-संकटा'वर अहवाल काढला होता. माशांच्या पिठापासून प्रथिनसत्त्व करण्यासारख्या योजना जोरात होत्या. नेमक्या त्याच वेळी सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले, जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक राहिलेले पां. वा. सुखात्मे भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे तपासून वेगळेच सांगत होते. १९७० साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये त्यांचा लेख आला. ज्यांना उष्मांक पुरेसे मिळतात त्यांच्यात प्रथिनांची कमतरता फारशी आढळत नाही. प्रथिने कमी पडतात ती बहुतेक पोटभर जेवण नसलेल्यांना, असा त्याचा आशय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी याच दिशेने जात होते. त्यांनी कुपोषित लहान मुलांना गव्हाचे पीठ, साखर आणि तेल यांचा जादा खाऊ दिला. त्यात प्रथिन फारसे नव्हते, तरी मुलांची वाढ सुधारली. उष्मांक कमी पडले की शरीर खाल्लेले प्रथिनच इंधन म्हणून जाळते. १९७४ साली मॅक्लॅरन यांनी 'लान्सेट'मध्ये प्रथिनांच्या या सगळ्या गाजावाजाला मोठी फसगत म्हटले तेव्हा कुठे पाश्चात्त्य जगात मत बदलू लागले. म्हणजे लापेबाईंनी १९८१ साली जी दुरुस्ती केली तिचा गाभा भारतातल्या आकड्यांतून अकरा वर्षांपूर्वीच निघालेला होता. (सुखात्म्यांची पुढची मते, विशेषतः माणसाचे शरीर कमी अन्नाशी किती जुळवून घेऊ शकते याविषयीची, वादग्रस्त ठरली. पुण्यातच वि. म. दांडेकरांनी त्यांच्यावर कडक टीका केली. पण तो वेगळा विषय आहे.)

आता नववीतल्या मुलीचा हिशेब पुन्हा पाहू. अपुरे म्हणून तिने पोळी टाकली. म्हणजे उष्मांक कमी केले, आणि त्यामुळे रात्रीच्या डाळीतल्या प्रथिनाचाही काही भाग जळणात जाऊ लागला. प्रथिने वाचवण्यासाठी तिने केलेल्या उपायानेच ती कमी पडली असती.

तिसरा आक्षेप दुरुस्तीवरच आहे, आणि आपल्यासाठी तो सर्वांत महत्त्वाचा. 'उष्मांक पुरेसे असले की झाले' हे वाक्य अमेरिकेत दूध, चीज, दाणे आणि घेवडे खाणाऱ्या मुलांसाठी ठीक आहे. निव्वळ धान्यावर पोट भरणाऱ्यांसाठी ते तितकेसे ठीक नाही. लापेबाईंच्या तीन अपवादांत नुसती भाकरी-चटणी किंवा नुसता भात खाणारे बसत नाहीत. त्या काळी त्याला आधारही होता, कारण प्रौढांची लायसीनची गरज फार कमी मानली जात होती. १९८५ सालच्या आंतरराष्ट्रीय अहवालात ती शरीराच्या वजनाच्या किलोमागे १२ मिलिग्रॅम होती. पुढे अणुभारी कार्बनची खूण केलेली ॲमिनो आम्ले देऊन त्यांचा शरीरातला प्रवास मोजण्याच्या पद्धती आल्या. अमेरिकेत व्हर्नन यंग आणि बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेत अनुरा कुरपाड यांनी या पद्धतींनी केलेल्या कामामुळे २००७ सालच्या अहवालात तो आकडा ३० वर गेला. अडीच पट! म्हणजे धान्याला डाळीची साथ लागते, हा १९७१च्या आवृत्तीतला मूळ विचार नव्या मोजमापांनी उलट पक्का झाला. त्यातली फक्त वेळेची अट गेली.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. ते ठोकळमानाने आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वयाच्या मुलीला रोज ४३ ग्रॅम आणि मुलाला ४५ ग्रॅम प्रथिने हवीत. १६ ते १८ वयाला अनुक्रमे ४६ आणि ५५. समजा ही मुलगी ४५ किलोची आहे. तिला लायसीन साधारण १६०० मिलिग्रॅम लागेल. ती दिवसभरात ३०० ग्रॅम कणीक आणि १०० ग्रॅम तांदूळ एवढेच खात असेल तर प्रथिन ४० ग्रॅमच्या आसपास मिळते, म्हणजे जवळजवळ पुरे. पण त्यातून लायसीन मिळते ११५० मिलिग्रॅमच्या आसपास, पाऊण हिश्शाहून कमी. याच आहारात ४० ग्रॅम तूरडाळ घातली तर लायसीन १७५०च्या घरात जाते. ही डाळ सकाळी खाल्ली की रात्री, याने फरक पडत नाही.

आता तिचा नेहमीचा दिवस मांडू. पाच पोळ्या (१५० ग्रॅम कणीक) १६ ग्रॅम प्रथिन, एक वाढप भात (७५ ग्रॅम तांदूळ) ६, तूरडाळ ४० ग्रॅम ९, मटकीची उसळ (४० ग्रॅम सुकी मटकी) ८, मूठभर शेंगदाणे ६, पाव लिटर दूध किंवा त्याचे दही ८. बेरीज ५३ ग्रॅम. मासा नाही, अंडे नाही, पनीर नाही, आणि डब्यावर स्नायूंचे चित्र असलेली महागडी पूडही नाही. लायसीनही गरजेहून बरेच जास्त.

पण या यादीतला '४० ग्रॅम तूरडाळ' हा शब्दप्रयोग फसवा आहे. आपल्या घरांतले वरण पातळ असते. वाटीभर पातळ वरणात सुकी डाळ कित्येकदा पंधरा ग्रॅमही नसते, म्हणजे प्रथिन तीन ग्रॅम. 'रोज वरण-भात खाते' या वाक्याने आई, शिक्षक आणि डॉक्टर, सगळ्यांचेच समाधान होते, पण त्या वरणात डाळ किती हे कोणी विचारत नाही. डाळ महागली की ती वाढत नाही, पाणी वाढते. 'प्रथम दर्जा' आणि 'दुय्यम दर्जा' या पाठांतरापेक्षा घरची डाळ तराजूवर तोलून येणे हा गृहपाठ नववीला द्यावा.

प्रथिनांवरच सगळे लक्ष गेल्यामुळे होणारा आणखी एक तोटा सांगितला पाहिजे. मासळी सोडणाऱ्या मुलीने खरी काळजी करावी ती ब-१२ जीवनसत्त्वाची आणि लोहाची. ब-१२ वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. मासे, अंडी, मांस आणि दूध-दही हेच त्याचे मार्ग. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या आणि क्वचित मांस खाणाऱ्या लोकांत ब-१२ची कमतरता सर्रास आढळली आहे. ही उणीव वर्षानुवर्षे कळत नाही, कारण यकृतात साठा असतो. कळते तेव्हा रक्त आणि मज्जातंतू दोन्हींवर परिणाम झालेला असू शकतो. लोहाचे तसेच. १३ ते १५ वयाच्या मुलीसाठी रोज ३० मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, मुलासाठी २२. पाळी सुरू झालेल्या मुलीला हा आकडा शाकाहारातून गाठणे अवघडच. पालेभाजी-कडधान्यांतले लोह शरीरात कमी शोषले जाते, जेवणाबरोबरच्या चहाने आणखी कमी, लिंबू किंवा आवळ्याने जास्त. इथे मात्र 'एकाच ताटात' हा नियम खरोखरच लागू पडतो! लिंबाचा उपयोग व्हायचा तर तो त्याच जेवणात पिळायला हवा.

बाईंना उत्तरात एवढेच कळवले: पोळी वाया जात नाही, डबा पूर्ण खायला सांगा, रोज दूध-दही आहे का, आणि वरणात डाळ किती आहे ते पाहा, वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि शक्य असल्यास ब-१२ तपासून घ्यायला आईला सुचवा. दुधाला मुलगी नाक मुरडते, पण कढी आणि ताक चालते, असे त्यांनी नंतर सांगितले. डाळही तिने तोलली. वाण्याकडच्या तराजूवर, कारण घरी तराजू नव्हता. पाच माणसांच्या घरात दोन्ही वेळच्या आमटीला मिळून डाळ पडत होती १२५ ग्रॅम, म्हणजे माणशी २५. आजपर्यंत ती पुरत होती, कारण शेजारी मासा असायचा. आजींनी डाळीचे माप दीडपट करायचे कबूल केले आहे. 'डाळीने ताकद येते' हे मात्र त्यांना अजून मान्य नाही.